मेणबत्ती साच्यातून सुटत नाही तेव्हा

पाम तेलापासून बनणाऱ्या पाम मेणाची माझी पहिली मेणबत्ती साच्यातून आली खरी, पण चमच्याने खरवडून आणि तुकड्यातुकड्यांनी. त्याआधी वर्षभर मी पॅराफिनच्या मेणबत्त्या करत होते, त्यामुळे हात बसलाय असा माझा समज होता. पाम मेणाने तो एका संध्याकाळीच उतरवला. अ‍ॅल्युमिनियमचा साचा उलटा करून मी ओट्यावर आपटला, तळहाताने बडवला, शेवटी सुरीचं पातं कडेने आत सारलं. मेणबत्ती हलली नाही. सुरीने मात्र साच्याच्या आतल्या भिंतीवर एक छान लांब ओरखडा उठवला. तो आजही आहे, आणि त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मेणबत्तीच्या अंगावर तशीच रेघ उमटते.

नव्याने शिकणारे मला बहुतेक वेळा मेणबत्ती अडकल्यावर विचारतात, ‘आता काय करू?’ तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. साच्याशी झटापट सकाळी होते, पण चूक आदल्या संध्याकाळी ओततानाच झालेली असते. म्हणून मी सुरुवात ओतण्यापासून करते.

त्याही आधी पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा. पाम मेण साधारण दोन प्रकारांत मिळतं. एक ग्लासात किंवा वाटीत ओतून तिथेच ठेवायचं, दुसरं साच्यातून काढून उभ्या मेणबत्त्या करायचं. पहिल्याचा गुणच भांड्याच्या भिंतीला धरून राहणं हा. ते मेण साच्यात ओतून ‘सुटत नाही’ म्हणणं म्हणजे डिंकाने चिकटवल्यावर चिकटलं म्हणून रडणं. मी हे केलंय, तेही एकदा नव्हे. उभ्या मेणबत्तीसाठीचं मेण थंड होताना चांगलं आकसतं, भिंतीपासून स्वतःच बाजूला होतं. आपल्याला त्या आकसण्याला फक्त वाट मोकळी करून द्यायची असते.

पाम मेण घेण्याचं कारण बहुतेकांसाठी त्याची नक्षी असते. पिसांसारखी, फ्रीझरच्या आतल्या भिंतीवर हिम जमावं तशी. ही नक्षी म्हणजे मेणाचे स्फटिक, आणि त्यांना वाढायला गरम मेण आणि भरपूर वेळ लागतो. माझा अनुभव असा की ज्या मेणबत्तीवर नक्षी छान उमटते ती सुटतेही सहज, आणि जी डागाळ, पांढरट, फिकी दिसते तीच बहुधा अडून बसते. दोन्हींचं मूळ एकच, मेण हवं तसं आणि हव्या त्या गतीने थंड झालेलं नसतं.

मेण मी ९३ ते ९८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ओतते. पॅराफिन किंवा सोयावरून आलेल्यांना हे फार वाटतं. पाम मेण साठच्या आसपास वितळतं, मग वितळलं की ओतावं असा मोह होतो. तिथेच घात होतो. डबल बॉयलरमध्ये, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भांड्यात मेणाचं भांडं ठेवतो तेव्हा, पाणी शंभरच्या वर जात नाही, त्यामुळे आतलं मेण पंचाण्णवला पोचायला बराच वेळ लागतो. लागू द्या. कंटाळून भांडं थेट आचेवर ठेवू नका आणि मेण तापत असताना खोलीतून हलू नका. मेणाने पेट घेतलाच तर पाणी टाकायचं नाही, आच बंद करून वर झाकण घालायचं. थर्मामीटर हवाच. ‘अंदाजाने कळतं’ म्हणणाऱ्यांच्या मेणबत्त्या मी पाहिल्या आहेत.

साचासुद्धा गरम हवा. गार धातूला गरम मेण लागलं की बाहेरचा पापुद्रा क्षणात गोठतो आणि भिंतीवरच्या प्रत्येक खाचखळग्याला धरून बसतो. हीट गन किंवा हेअर ड्रायर बाहेरून फिरवून साचा हाताला चांगला कढत लागेल इतका मी तापवते. ओतल्यावर त्यावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालते, म्हणजे वाऱ्याची झुळूक लागत नाही. पंखा बंद.

आता जिथे मी सर्वांत जास्त मेणबत्त्या गमावल्या, ती जागा. दुसरं ओतणं.

पाम मेण वरून घट्ट झालेलं दिसतं, पण आत पोकळी धरतं. वर साय धरली की वातीभोवती लांब काडीने तीन-चार भोकं पाडून ती पोकळी मोकळी करावी लागते. भोकं भिंतीला लागून नकोत, आणि काडी अगदी तळापर्यंतही नेऊ नये. मेण खाली बसलं की वर खळगा पडतो आणि तो भरायला पुन्हा मेण ओततात. मी तो काठोकाठ भरायचे. नीटनेटकेपणाची हौस, दुसरं काय! तोवर पहिलं मेण आकसून भिंतीपासून केसभर सुटलेलं असतं. नवं कढत मेण पहिल्याच्या पातळीवर चढलं की त्या केसभर फटीत उतरतं आणि मेणबत्ती व साचा यांच्यामध्ये पाचरीसारखं गोठतं. एकदा कशीबशी काढलेली मेणबत्ती मी उजेडात धरली, तेव्हा खालच्या कडेभोवती नखाएवढ्या जाडीचा एक वेगळाच पापुद्रा दिसला. नखाने उचलल्यावर तो कांद्याच्या सालीसारखा सुटून आला. खाली नक्षी शाबूत होती. इतके दिवस मेणबत्ती या कडीने अडत होती.

तेव्हापासून दुसरं मेण पहिल्याइतकंच, किंवा किंचित जास्त, गरम ओतते आणि पहिल्या पातळीच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबते. उंची कमी भरली म्हणून हळहळू नका. अशा साच्याचा तळ म्हणजे मेणबत्तीचा माथा, आणि आपण वरून पाहतो ती बाजू तिचं बूड. बुडाचा थोडासा खळगा कुणाच्या नजरेस पडत नाही. नंतर गरम तव्यावर टेकवून तो सपाटही करता येतो.

मग वाट पाहायची. मनगटाएवढ्या जाडीची मेणबत्ती मी रात्रभर ठेवते. बाहेरून गार लागली तरी गाभा कोमट असतो, आणि कोमट गाभा अजून पुरता आकसलेला नसतो. लवकर व्हावं म्हणून ओतल्याबरोबर साचा फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नक्षी जाते, तडे जातात आणि वर ती सुटतेच असंही नाही. फ्रीझरचा उपयोग शेवटी आहे. मेणबत्ती खोलीच्या तापमानाला पूर्ण आली आणि तरीही हट्ट करतेय, तर दहा मिनिटं. मेण अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त आकसतं, तेवढ्यात फट पडते. दहाची तीस मिनिटं केलीत तर तडकल्याचा आवाज तुम्हालाही ऐकू येईल.

सुटली की नाही हे उलटं करण्याआधीच कळतं. बुडाच्या कडेला साच्यापासून बारीक गडद रेघ सगळीकडे सलग दिसली पाहिजे. मी अंगठ्याने मेणबत्तीला हलकेच बाजूला रेटते. ‘टक’ असा छोटा आवाज आला की काम झालं. रेघ एका जागी तुटलेली असेल तर अडकलंय तिथेच, आणि बहुधा ते दुसऱ्या ओतण्याचं मेण असतं.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. एकदा अर्धा तास झगडल्यावर लक्षात आलं की वात धरणारा स्क्रू साच्याच्या तळाला तसाच पिळलेला आहे. आधी स्क्रू काढा, मेण गळू नये म्हणून भोकाला लावलेला लगदा काढा, वातीची गाठ सोडा. मग ओढायचं झालंच तर बुडाकडची वात धरून, सरळ रेषेत. पाम मेण ठिसूळ असतं. वाकडं ओढलं की कडेचा टवका उडतो.

सुगंधी तेल जास्त झालं तरी मेण मऊ, ओलसर राहतं आणि भिंत सोडत नाही. मेण बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणाच्या वर जाऊ नका. मेण चिकटू नये म्हणून साच्यात आतून मारायचा सिलिकॉनचा फवारा अगदी अडलंच तर, तोही कापडाने पुसून घेऊन. थर राहिला की नक्षीवर डाग येतात, आणि मेण-तापमान बरोबर असेल तर मला त्याची गरज क्वचित पडते. सिलिकॉनच्या साच्यांची कथा निराळी. ते काठाकडून उलटे सोलत जायचे, फक्त नाजूक पाकळ्यांच्या नक्षीत ठिसूळ मेण मोडतं, तिथे वेगळं मेण बरं.

मेणबत्ती काही केल्या निघालीच नाही, तर हत्यार हातात घेऊ नका. धातूचा साचा बाहेरून कढत पाण्यात काही सेकंद धरा. वरचा पापुद्रा वितळतो आणि मेणबत्ती घसरून येते. नक्षी गेलेली असते, पण मेण गेलेलं नसतं. पुसून, पूर्ण कोरडं करून पुन्हा वितळवा. ओलं मेण तापवलं की तडतडून अंगावर उडतं. साचा कोमट असतानाच मऊ कापडाने आतून पुसा, कारण जुन्या मेणाचा पातळ थर पुढची मेणबत्ती धरून ठेवतो. पॉलिकार्बोनेटच्या (कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या) साच्याला थिनर वगैरे लावू नका, तो धुरकट होतो आणि तडकतो.

ऑर्डरी घ्यायचा विचार असेल तर एक हिशेब आधीच करा. एका साच्यातून दिवसाला एकच मेणबत्ती निघते. पहिल्या मोठ्या ऑर्डरीच्या वेळी माझ्याकडे दोन साचे होते आणि चाळीस मेणबत्त्या द्यायच्या होत्या. घाईने अर्ध्या कोमट असतानाच उपसल्या, अकरा फुटल्या. त्यानंतर मी मेणाऐवजी साच्यांवर पैसे घातले. वहीत प्रत्येक ओतण्याचं तापमान, साचा कोणता आणि किती तासांनी सुटली एवढं लिहिते. ओरखड्याचा साचाही वापरात आहे, रेघ येते ती बाजू मी मागे ठेवते.