गोव्यातून लिस्बनला शिकायला जाताय? संग्रहालयं अशी बघा

लिस्बनला पोचल्यावर पहिल्याच शनिवारी तीन संग्रहालयं उरकायला निघालात, तर संध्याकाळी फक्त पाय दुखल्याचं लक्षात राहील. एका दिवशी एक संग्रहालय, आणि तेही दोन-अडीच तास, एवढंच धरा. तुम्ही पर्यटक नाही, सेमिस्टरभर तिथेच असणार आहात.

तयारी मात्र गोव्यातूनच करून निघा. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात राजप्रतिनिधींच्या तसबिरी आहेत (हे शुक्रवारी बंद). हस्तिदंती मूर्ती, चांदीकाम, लाकडावरचं कोरीव काम इथे एकदा डोळ्यांखालून घातलं की तिकडे गेल्यावर कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

पहिली चूक होते ती वाराची. राष्ट्रीय संग्रहालयं सोमवारी बंद असतात, गुलबेंकियान संग्रहालय मंगळवारी. १३ जूनलाही राष्ट्रीय संग्रहालयांची दारं बंद असतात. सांत आंतोनचं फेस्त आपल्याकडेही त्याच दिवशी असतं, म्हणून ही तारीख गोंयकाराला तरी विसरायला नको. शिवाय दुरुस्तीसाठी दालनं महिनोन्‌महिने बंद ठेवतात, म्हणून आदल्या रात्री वेबसाईट उघडून ‘एन्सेर्रादु’ (बंद) हा शब्द कुठे दिसतो का बघा.

तिकिटाचं गणित सोपं आहे. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांना ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय संग्रहालयं वर्षातले ५२ दिवस मोफत आहेत. अट रहिवासाची आहे. पोर्तुगीज पासपोर्ट हातात असला तरी तेवढ्यावर भागेल असं धरू नका. तिथला पत्ता आणि कर क्रमांक दाखवणारा कागद जवळ ठेवा. तो मिळेपर्यंत विद्यार्थी सवलत मागा. गोव्याच्या कॉलेजच्या ओळखपत्रावर मुदतीची तारीख नसेल तर काउंटरवर अडू शकतं, त्यामुळे तिथल्या विद्यापीठाचं कार्ड किंवा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड वापरा. लिस्बोआ कार्ड (पर्यटकांचा पास) २४, ४८ किंवा ७२ तासांचं मिळतं आणि पहिल्या वापरापासून घड्याळ सुरू होतं. अर्ध्या-अर्ध्या दिवसाने फिरणाऱ्याला ते परवडत नाही.

सुरुवात प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयापासून करा. ते जानेलाश व्हेर्दिश, म्हणजे हिरव्या खिडक्यांच्या रस्त्यावर आहे. आपलं ‘जनेल’ तेच. ७१४ नंबरची बस तिथून जाते. पाठीवरची बॅग आत नेऊ देत नाहीत, ती ‘बेंगालैरु’त, म्हणजे सामान ठेवायच्या खोलीत, ठेवावी लागते. (बेंगाला म्हणजे हातातली काठी, आणि तो शब्द आला बंगालवरून.) फ्लॅश आणि ट्रायपॉड नकोच. रेखाटनं करायची तर पेन्सिल न्या, शाईचं पेन बघून पहारेकरी हटकतात.

गाइडबुकं तुम्हाला थेट बॉश या चित्रकाराच्या त्रिपट, म्हणजे मधली फळी आणि दोन दारं अशा चित्राकडे पळवतील. ते नंतर. आधी समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूंची दालनं गाठा, कारण तिथे तुम्ही इतरांपेक्षा जास्त वाचू शकता. ‘कोंतादोर’ म्हणजे खणांचं कपाट दिसलं की खाली वाका आणि पाय बघा. गोव्यात घडलेल्या कपाटांना पुष्कळदा नागिणींच्या आकृतीचे पाय असतात. वरची भौमितिक नक्षी सागवान आणि एबनीची (काळ्या लाकडाची). हस्तिदंती ‘बों पाश्तोर’, म्हणजे मेंढपाळ बाळ येशू, डोळे मिटून डोंगरावर बसलेला असतो. त्याची बैठक, डोंगराचे थर, पायथ्याशी झरा आणि मेंढरं बघा, आणि ही मूर्ती युरोपात का घडली नसती ते स्वतःच ठरवा. राजप्रतिनिधी मातियश द आल्बुकेर्कच्या नावाने ओळखली जाणारी सोन्याच्या तारकामाची पेटी शोधा. जपानी ‘नांबान’ पडद्यांवर घोळदार विजारींतले पोर्तुगीज काळ्या जहाजातून उतरताना दिसतात. ती जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत जपानला जायची.

वस्तूखालची पाटी नीट वाचा. ‘मार्फीं’ म्हणजे हस्तिदंत, ‘प्राता’ चांदी, ‘ओरु’ सोनं, ‘तेका’ साग, ‘सिस्सो’ म्हणजे आपलं शिसवी लाकूड, ‘सेकुलु’ शतक. ‘मादैरा’ म्हणजे लाकूड, म्हणून ‘ओलेउ सोब्र मादैरा’ लिहिलेलं तैलचित्र कापडावर नसून फळीवर आहे. स्थळापुढे प्रश्नचिन्ह असेल, ‘गोवा?’ असं, तर तो तज्ज्ञांचा अंदाज आहे, पुरावा नव्हे. निबंधात लिहिताना ते प्रश्नचिन्ह गाळू नका. शेवटचा ‘इन्व्ह.’ क्रमांक टिपून ठेवा. पुढे ग्रंथालयात त्याच क्रमांकाने वस्तू सापडते.

मग तासभर उरला तर बेलेंची सोन्याची कुस्तोद, म्हणजे पवित्र भाकर दर्शनाला ठेवायचं पात्र (१५०६, वास्को द गामाने पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाहून आणलेल्या खंडणीच्या सोन्याची), सांत व्हिसेंतचे सहा चित्रफलक आणि बॉश. बॉशच्या चित्राला मागून फेरी मारायला विसरू नका, दारांच्या पाठीवरही चित्रं आहेत.

मुझेउ दु ओरिएंत शुक्रवारी संध्याकाळी ६ ते ८ मोफत असतं, वर्ग सुटल्यावर जाण्यासारखं. आल्कांतारा गोदीजवळ, सुक्या बाकाल्यावच्या (खारवलेल्या कॉड माशाच्या) जुन्या गोदामात ते आहे. पावसात तिथवर चालत जायचं तर बुटांच्या तळव्यांना पकड हवी, कारण लिस्बनचे गुळगुळीत फरसबंद पदपथ शेवाळलेल्या बांधासारखे निसरतात.

आझुलेजचं, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत फरश्यांचं संग्रहालय मात्र पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारातल्या निळ्या फरश्या पाहिल्यावरच बघा. त्या १९३५ च्या, एकाच हातच्या. लिस्बनच्या संग्रहालयातला, फरश्यांवर रंगवलेला शहराचा लांबलचक देखावा सुमारे २३ मीटरचा आहे आणि १७५५ च्या भूकंपाआधीचा. एका टोकाला उभं राहून तो कळत नाही. नदीचा काठ धरून एका बाजूने चालत जा आणि आज नसलेल्या इमारती मोजा. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात.