बटण स्टार्ट गाडीची चावी आणि वायरिंग चोरापासून कसे जपावे

ज्या गाडीत चावी खिशात ठेवूनच दार उघडते आणि बटण दाबताच इंजिन सुरू होते, त्या गाडीची काच फोडण्याची गरज चोराला सहसा पडत नाही. सुरुवात म्हणूनच चावीपासून करावी.

दाराच्या हँडलला हात लावला की गाडी सुमारे 125 किलोहर्ट्झचा क्षीण संदेश सोडते. तो जेमतेम एक-दोन मीटर पोहोचतो, आणि चावी त्याला सांकेतिक उत्तर देते. हा संकेत फोडणे अवघड असल्याने चोर त्याच्या वाटेला जातच नाहीत. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा तुमच्या घराच्या दाराशी अँटेना धरतो आणि दोघे मिळून गाडीचा संदेश चावीपर्यंत नेऊन पोहोचवतात. चावी जवळच आहे असे गाडीला वाटते. एकदा इंजिन सुरू झाले की चावी दूर गेल्यावरही ते बंद पडत नाही, कारण धावती गाडी मध्येच बंद पडणे अधिक धोक्याचे असते.

तेव्हा पहिले काम म्हणजे दाराजवळच्या खुंटीवर चावी टांगण्याची सवय मोडणे. चावी घराच्या आतल्या बाजूला, धातूचे अस्तर असलेल्या, रेडिओ संदेश अडवणाऱ्या फॅरडे पाऊचमध्ये ठेवावी, आणि दुसरी चावीही तशाच पाऊचमध्ये ठेवावी, कारण कपाटात विसरलेली चावीही तितक्याच तत्परतेने उत्तर देते. पाऊच विकत घेतला म्हणजे काम झाले असे समजू नये. चावी त्यात बंद करून पाऊच हातात धरून गाडीजवळ जावे आणि हँडल ओढून पाहावे. दार उघडले तर तो पाऊच कुचकामी आहे. अस्तर घडीवर झिजते, त्यामुळे ही चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही चालू शकतो, मात्र त्यालाही हीच परीक्षा द्यावी लागते. काही चाव्या बटणे दाबून झोपवता येतात, म्हणजे त्या गाडीला उत्तर देणे थांबवतात. टोयोटाच्या काही चाव्यांमध्ये लॉकचे बटण दाबून धरून अनलॉकचे बटण दोनदा दाबावे लागते. आपल्या गाडीची पद्धत सोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावी.

पाऊच सगळ्या चोऱ्या थांबवत नाही. आधुनिक गाडीतील संगणक ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात, ती कॅन नावाची व्यवस्था बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडली, आणि संदेश नेमका कोणी पाठवला हे तपासण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. लंडनमध्ये चोरांनी एका गाडीच्या हेडलाइटमागची वायर उघडी करून तिच्यावरून ‘चावी खरी आहे’ असा खोटा संदेश पाठवला आणि गाडी नेली. अशा वेळी उपयोगी पडतो तो स्टीअरिंग लॉक किंवा गिअर लॉक. जुनाट वाटला तरी माझ्या मते पाऊचनंतरचा सर्वांत योग्य खर्च हाच. हेडलाइटभोवतीचे प्लास्टिक किंवा बंपर सैल झालेला दिसला, तर उंदरांवर दोष ढकलण्याआधी नीट तपासणी करून घ्यावी.

डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीतील दोष वाचण्यासाठीच्या जोडणीत, स्वस्त ब्लूटूथ उपकरण कायम लावून ठेवू नये. दोष वाचून झाला की ते काढावे. गाडी इंटरनेटशी जोडलेली असेल, तर सॉफ्टवेअरचे अपडेट टाळू नयेत. 2015 मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलसेक यांनी दूर बसून मोबाइल नेटवर्कवरून हमरस्त्यावरच्या जीपचे ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा, निकामी करून दाखवले, आणि त्यानंतर सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

जुनी गाडी घेताना मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीत किती चाव्यांची नोंद आहे ते तपासून घ्यावे आणि हातात नसलेल्या चाव्या खोडायला सांगाव्यात. कंपनीच्या अ‍ॅपवरून आधीच्या मालकाचे खाते काढून घ्यावे, नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला घरबसल्या दिसत राहते. दोन्ही चाव्या मागूनच घ्याव्यात, कारण चोरीचा दावा करताना विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या जमा करायला सांगते.