मागचा एक्सल बसवताना बुशचा बोल्ट कधी आवळायचा

माझं गॅरेज चिपळूणला. एका शिक्षकांच्या स्विफ्टचे मागच्या एक्सलचे दोन्ही बुश, म्हणजे एक्सल बॉडीला जोडणारे रबरी सांधे, मी बदलून दिले आणि पावसाळा सरता सरता ते परत आले. स्पीडब्रेकरवर मागून खट् आवाज, कुंभार्ली घाटाच्या वळणांवर मागची बाजू हलते. एक्सल उतरवला. नवाच बुश, पण आतल्या लोखंडी नळीपासून रबर सुटलेलं. फटीत नख घातलं तर अर्धं आत गेलं. माल चांगला होता, चूक माझी होती. गाडी स्टँडवर, चाकं लटकलेली, आणि तशाच अवस्थेत मी बोल्ट पूर्ण आवळले होते.

या बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये जाम होते. मग एक्सल वरखाली होताना नळी फिरत नाही, रबरच पिळलं जातं. लटकत्या चाकांवर आवळलंत तर गाडी जमिनीवर आल्याक्षणी रबराला पीळ बसतो आणि गाडी नुसती उभी असली तरी तो सुटत नाही. वर माणसं बसली, खड्डा आला की आणखी पीळ. फाटणारच ते.

म्हणून बोल्ट गाडी उभी असते त्या उंचीवरच आवळायचा. त्यासाठी खोलण्याआधी गाडी सपाट जागी रिकामी उभी करा आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. त्या स्विफ्टला 37 सेंमी भरलं होतं. चिकटपट्टीवर लिहून मडगार्डलाच लावा, कागद हरवतो. हॅण्डब्रेक किती टिकांवर धरतो तेही लिहून ठेवा.

नवा बुश प्रेसने बसवताना त्यातल्या पोकळ खाचांची दिशा जुन्यासारखीच हवी. जुना काढण्याआधी एक्सलवर पंच मारून खूण केलेली बरी. घालताना साबणाचं पाणी लावा. तेल किंवा साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

आता चढवणी. स्टँड बॉडीच्या नेमून दिलेल्या जागीच लावा. आमच्याकडे पावसात लाल माती इतकी मऊ होते की स्टँडचा पाय रुततो, तेव्हा खाली जाड फळी घाला. एक्सल ट्रॉली जॅकवर घ्या, मध्ये लाकडी ठोकळा, आणि जोडीला एक माणूस हवाच. एकट्याने करू नका, एक्सल एका बाजूला कलला की हाताने सावरत नाही. वर नेताना हॅण्डब्रेकच्या केबली आणि एबीएसच्या वायरी आधी बाजूला घ्या. ब्रॅकेटच्या कडेखाली चेपलेली वायर नंतर शोधताना दिवस जातो.

बोल्टचे आटे वायर ब्रशने साफ करा, पण त्यांना ग्रीस लावू नका, नाहीतर टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) सांगते त्यापेक्षा जास्त ताण बोल्टवर येतो. नळीत जाणाऱ्या गुळगुळीत भागाला मात्र ग्रीसचा पातळ हात द्या. कोकणातल्या दमट हवेत बोल्ट नळीतच गंजून बसतो आणि पुढच्या वेळी कापावा लागतो. सेल्फ-लॉक नट नवेच वापरा. बोल्ट ज्या बाजूने निघाला त्याच बाजूने घाला आणि नट हाताने फिरेल तेवढाच लावा. पाना अजून उचलायचा नाही.

मग स्प्रिंग. वरखालचे रबर जागेवर, स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकलेलं. शॉकअपचे खालचे बोल्टही सैलच ठेवा, त्यातही रबरी बुशच आहे. ब्रेक पाइपचा नट आधी बोटांनी आट्यात बसवा, मगच पाना लावा. तिरका गेला तर पाइप गेला. केबली, वायरी जुन्या क्लिपांत अडकवा. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत प्रत्येक चाकाच्या ब्रेकमधली एअर काढा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका आणि सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो.

काही जण एक्सलखाली जॅक लावून माप जुळवतात. रिकामी गाडी हलकी असते, 37 येण्याआधीच बॉडी स्टँडवरून उचलली जाते आणि तिच्याखाली तुम्ही आडवे असता. मी तसं करू देत नाही. चाकं लावून गाडी खाली उतरवा, सावकाश दोन हात पुढे-मागे ढकला, मागून दाबून झुलवा. मग पिटवर किंवा चारही चाकं एका पातळीत राहतील अशा रॅम्पवर घ्या. टेप लावा. माप जुळलं की बुशचे बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, त्यामागून शॉकअपचे. नवं रबर असल्याने चार-पाच मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर स्प्रिंगची बैठक पुन्हा पाहा.

आवळून झाल्यावर नट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. हॅण्डब्रेक लिहिलेल्या टिकांवर आणा, पेडल कडक आहे याची खात्री करून आधी अंगणातच ब्रेक मारून बघा. शंभरेक किलोमीटर चालल्यावर गाडीखाली बॅटरी घेऊन जा. रेघ सरळ हवी आणि ब्रेक पाइपचा सांधा बोटाला कोरडा लागायला हवा.