घरच्या स्टुडिओत पैसे आधी कुठे घालावेत?

दहा बाय दहाची बेडरूम, लॅपटॉप, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा इंटरफेस आणि ऑडिओ-टेक्निका एटी२०२०सारखा कंडेन्सर माइक. घरी गाणं, पॉडकास्ट किंवा पुस्तकवाचन रेकॉर्ड करणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होते. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं की हात आपोआप नव्या माइकच्या किमती शोधायला लागतो. तो जरा आवरा आणि एक हिशोब करा.

एटी२०२०ची स्वतःची खरखर २० डेसिबल, रोड कंपनीच्या एनटी१-एची ५. कागदावर हा फरक फार मोठा दिसतो. पण रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये खिडकी लावून घेतली तरी खोलीत ३५ डेसिबलचा गोंगाट सहज असतो. डेसिबलची बेरीज साधी नसते. ३५ मध्ये २० मिसळले की ३५.१ होतात, ५ मिसळले की ३५. म्हणजे नवा माइक घेऊन पदरात पडला तो डेसिबलचा दहावा हिस्सा. खोली शांत झाल्याशिवाय तो माइक आपलं काम दाखवूच शकत नाही.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च शून्य.

माइक तोंडापासून १५ सेंटीमीटरवर ठेवा. गेन (इंटरफेसवरचं माइकचा आवाज वाढवायचं बटण) असा लावा की सगळ्यात जोरात बोलताना मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास जाईल. एक मिनिट वाचा. मग गेनला हात न लावता अर्धा मिनिट गप्प बसा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ॲनलाइझ मेन्यूत ‘मेझर आरएमएस’ आहे; आरएमएस म्हणजे साधारण सरासरी पातळी. बोललेला भाग आणि गप्प भाग वेगवेगळा निवडून मोजा. दोन्हींतला फरक ४० डेसिबलहून कमी निघाला तर तुमची पहिली अडचण गोंगाट. ऑडिबलसाठी ऑडिओबुक घेणाऱ्या एसीएक्सची अट याच्याच जवळ जाते: आवाजाची आरएमएस पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये, शिखरं उणे ३ च्या आत आणि शांततेची पातळी उणे ६० च्या खाली.

आता एकेक गोष्ट बंद करत तोच शांत भाग पुन्हा मोजा. आधी पंखा, मग एसी, मग फ्रिज, शेवटी लॅपटॉपचा चार्जर. पंखा बंद केल्यावर आकडा धपकन खाली येतो, हे बहुतेक घरांत दिसेल. मे महिन्यात पंख्याशिवाय तासभर गाणं कुणालाच जमत नाही, त्यामुळे टेक दहा-दहा मिनिटांचे ठेवा आणि मधे हवा खा. चार्जर काढल्यावर घूं आवाज गेला तर दोष विजेचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा घूंकार ५०, १००, १५० हर्ट्झवर दिसतो. रेकॉर्डिंग बॅटरीवर करा आणि वायरमनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत थ्री-पिन सॉकेट असतं, पण आत अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जुगाड मात्र करू नका. घूं थांबेल, शॉक बसेल.

दुसरी चाचणी अंतराची. एकच वाक्य १५, ३० आणि ६० सेंटीमीटरवरून रेकॉर्ड करा आणि तिन्ही तुकडे सारख्या पातळीवर आणून हेडफोनवर ऐका. पातळी सारखी करणं टाळू नका, कारण जो तुकडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. ६० सेंटीमीटरवरचा आवाज मोरीत बोलल्यासारखा आणि १५ वरचा जवळचा, स्वच्छ वाटला, तर दोष खोलीच्या घुमण्याचा आहे. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमार आणि गोंगाट आहे तिथेच राहतो. ६० वरून १५ वर आलात की १२ डेसिबल फुकट मिळाले. एवढा फरक माइक बदलून मिळत नाही.

जवळ आल्यावर दोन कटकटी होतात. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, जवळून खर्ज फुगवतो. ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर कापणारा) लावला की तो आटोक्यात येतो. दुसरी आपल्या भाषेची: प, फ, भ म्हणताना हवेचा झोत थेट माइकच्या पडद्यावर आदळतो आणि ‘धप्’ असा ठोका येतो. ‘फाटकापाशी भिजलेली फुलं पडली होती’ हे वाक्य बोलून बघा, लगेच कळेल. पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी) माइकला चिकटवून लावला तर काही उपयोग नाही, मधे चार बोटांचं अंतर हवं. माइकही नाकासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, तोंडाकडे तिरका वळवून ठेवा. झोत बाजूने निघून जातो, आवाज तेवढाच येतो. ‘चमच्यातली साखर सांडली’ म्हणताना स आणि च टोचत असतील तर त्यावरही हाच तिरपेपणा चालतो.

दोष खोलीचा निघाला तर पैसे तिथेच घाला, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. इंचभर जाडीचे काळे फोमचे तुकडे चारी भिंतींना चिकटवले की खोली स्टुडिओसारखी दिसते, पण तो फोम फक्त वरचे सूर खातो. खालचे तसेच घुमत राहतात आणि आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो. शोषकाची जाडी महत्त्वाची. ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे, ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) स्लॅब इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. दोन स्लॅब एकावर एक ठेवून १०० मिलिमीटर जाडी करा, साध्या लाकडी चौकटीत बसवा, वर कापड ताणा. कापडाला तोंड लावून फुंकर मारा; पलीकडे हवा गेली तर ते चालेल. रेक्झिन आणि प्लास्टिक बाद. चौकट भिंतीपासून ५० ते १०० मिलिमीटर पुढे टांगली तर तेवढ्याच मालात आणखी खालचे सूर शोषले जातात. काम करताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर दिवसभर अंग खाजतं.

एवढी खटपट नको असेल तर गादीवाल्याकडून कापसाची चार इंची सिंगल गादी घ्या आणि उभी करा. तिचं काम बाजारातल्या पातळ फोमपेक्षा कितीतरी चांगलं असतं, आणि पाहुणे आले की अंथरताही येते.

कुठे लावायचं? पहिले दोन पॅनेल गाणाऱ्याच्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक पुढचं ऐकतो, म्हणजे तुम्हाला आणि तुमच्या मागच्या भिंतीला. माइकच्या मागे लावायची ती अर्धगोल ढाल दिसायला छान, पण ती माइकच्या बहिऱ्या बाजूला असते. पुढचे दोन पॅनेल डाव्या-उजव्या भिंतींवर तोंडाच्या उंचीला, पाचवं डोक्यावर छताला. छत आणि फरशी समोरासमोर असतात, दोन्ही गुळगुळीत. टाळी वाजवल्यावर जो ‘टर्रर्र’ येतो त्यात त्यांचाही वाटा असतो. फरशीवर सतरंजी किंवा जाड गालिचा टाका. सहावं पॅनेल कोपऱ्यात तिरकं उभं करा.

चौरस खोलीचा एक खास त्रास आहे. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. एवढ्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झ आणि त्याची दुप्पट, ११२ हर्ट्झ, हे सूर अडकून घुमतात, आणि लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्हीकडून एकदम. पांढरी दोनमध्ये (सा डी सुरावर धरून) गाणाऱ्याचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, ११० हर्ट्झवर येतो. म्हणजे नेमका तोच सूर खोलीच्या मध्यावर ढोलासारखा वाजतो आणि भिंतीपासून अडीच फुटांवर गायब होतो. पॅनेलने हे पुरतं सुटत नाही. मंद्र पंचम लावून खोलीत हळूहळू चाला. जिथे तो बाकीच्या सुरांइतकाच ऐकू येईल तिथे उभं राहायचं, तिथेच माइकचा स्टँड. त्या जागेवर फरशीला चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

हे सगळं शोषण आतल्या घुमण्यासाठी. रिक्षाचा हॉर्न आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या फोमने किंवा रॉकवूलने थांबत नाहीत. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत सगळ्यात मोठी गळती पट्ट्यांमधल्या फटींतून होते, दाराखालची बोटभर फट तिच्या खालोखाल. आधी रबराच्या पट्ट्या आणि दाराखालचा सील लावून पुन्हा मोजा. तरी फरक पडला नाही तर खोली बदला, किंवा रेकॉर्डिंगची वेळ. भाड्याच्या घरात भिंती जाड करण्यात काही अर्थ नाही.

आता माइक. शांततेची पातळी खाली आली, जवळून आणि लांबून दोन्ही आवाज बरे येऊ लागले, आणि तरीही स्वतःच्या आवाजात काहीतरी खटकतंय, तर माइक बदलायची वेळ आली. डायनॅमिक हा कंडेन्सरहून वेगळा, स्टेजवर दिसतो तो प्रकार. ‘डायनॅमिक माइक खोली पकडत नाही’ ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याच अंतरावर, त्याच पॅटर्नचा (त्याच दिशांचं ऐकणारा) कंडेन्सर जवळपास तितकीच खोली पकडतो; डायनॅमिकवर लोक ओठ टेकवून बोलतात म्हणून फरक वाटतो. शूर एसएम७बी हा डायनॅमिक घेणार असाल तर इंटरफेसवर सुमारे ६० डेसिबल गेन लागतो हे आधी बघा. फोकसराइट स्कार्लेट २आय२च्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल आहे, चौथ्या पिढीत ६९. तिसरी पिढी असेल तर सुमारे २५ डेसिबल देणारा इनलाइन बूस्टर माइक आणि इंटरफेसच्या मधे जोडावा लागेल, आणि तो खर्च माइकच्या किमतीत धरा. याउलट शूर एसएम५८ १९६६पासून बाजारात आहे, इंटरफेसकडून तेवढी मागणी करत नाही आणि हाताळणीत दणकट आहे.

नुसता आवाज चांगला यावा म्हणून इंटरफेस बदलण्याची गरज सहसा पडत नाही. इनपुट कमी पडले तर बदला. गायक, हार्मोनियम, तबल्याचा दायां आणि बायां असे चार माइक एकदम लागले की दोन इनपुटमध्ये भागत नाही. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. २४ बिटमध्ये भरपूर जागा असते, त्यामुळे मीटर लाल होईपर्यंत गेन वाढवायचं कारण नाही.

रेकॉर्डिंगला बंद पाठीचा हेडफोन हवाच, नाहीतर तानपुऱ्याचं ॲप किंवा क्लिक (लयीची टकटक) माइकमध्ये झिरपतं. स्पीकर सगळ्यात शेवटी. खोलीवर काम न करता पाच इंची मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) घेतले तर मिक्स करताना तुम्ही खोलीचाच घुमार दुरुस्त करत बसाल आणि गाडीत लावल्यावर खर्ज नाहीसा झालेला असेल.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळायची. ओल धरली की कंडेन्सर माइक मधूनमधून कडकड, फटफट करू लागतो आणि लोक केबल बदलत बसतात. माइक वापरून झाल्यावर इंटरफेसवरून त्याला जाणारी ४८ व्होल्टची वीज बंद करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या रंग बदलतात ती जात घ्या. कडकड सुरू झालीच तर एक दिवस डब्यात ठेवून पुन्हा लावून बघा. बहुतेक वेळा माइक ठीक असतो. तरीही आवाज आला तर आधी दुसरी केबल, मग दुसरा इनपुट, आणि त्यानंतर सर्व्हिस सेंटर.