परदेशात नोकरी किंवा शिकवण्याचं काम शोधताय? नव्या पदवीधरांनो, या चुका टाळा

पदवी प्रमाणपत्र हातात आलं की घरचे पहिलं काम सांगतात: लॅमिनेशन करून आण. परदेशी जायचा जरासाही विचार असेल तर हे करूच नका. राज्य शासनाच्या साक्षांकनाचा शिक्का आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल स्टिकर (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण) मूळ कागदावर, बहुतेक वेळा मागच्या बाजूला लागतं. प्लास्टिकवर ते लावत नाहीत. आधीच लॅमिनेट झालं असेल तर इस्त्री फिरवून किंवा ब्लेडने सोलायला जाऊ नका, शाई प्लास्टिकबरोबर निघून येते. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढा. आपल्या कोल्हापूर भागातल्यांना दहावी-बारावीच्या कागदांची दुय्यम प्रत मंडळाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयाकडून मिळते.

आधी नोकरी, मग व्हिसा: हा क्रमच उलटा आहे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जाहिरात दिसली, अर्ज केला, मुलाखत झाली, आणि मग कळलं की भारतीय पासपोर्टवर त्या कामाचा व्हिसाच मिळत नाही. शिकवण्याच्या कामात तर हे नेहमीचं आहे. '१२० तासांचा टीईएफएल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स करा आणि कोरिया-जपान-चीनमध्ये इंग्रजी शिकवा' असं कोर्स विकणारे सांगतात. देशांचे नियम काय म्हणतात ते बघा.

दक्षिण कोरियाचा भाषा-शिक्षकाचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी मुळात सात देशांच्या नागरिकांना आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे एक छोटं दार उघडलं, पण ते सरकारी शाळेतल्या सहायक इंग्रजी शिक्षकाच्या जागेपुरतं, आणि त्यालाही शिक्षकी पात्रता लागते. म्हणजे बी.एड. नसलेल्या बी.ए. पदवीधराला सोलच्या खासगी क्लासमध्ये नोकरी देतो म्हणणारा एकतर नियम जाणत नाही किंवा जाणूनबुजून फसवतोय.

जपानमध्ये शाळेत भाषा शिकवायच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसासाठी उमेदवाराचं किमान १२ वर्षांचं शिक्षण त्या भाषेतून झालेलं असावं लागतं. इथे मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातली मुलं अडकतात. पदवी इंग्रजी साहित्याची असली तरी शाळेची वर्षं मोजली जातात. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी शाळेकडून माध्यमाचं पत्र आधीच घेऊन ठेवावं. त्यात इयत्ता कुठून कुठपर्यंत हे स्पष्ट लिहून घ्यावं.

चीनमध्ये इंग्रजी भाषा शिकवण्यासाठी इंग्रजी मातृभाषेच्या देशांचे नागरिक हवे असतात. गणित, विज्ञान, संगणक असे विषय शिकवायला भारतीयांना वाव आहे, पण साधारणपणे पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव मागतात. नुकतंच पास झालेल्याला तिथे 'बिझनेस व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ' असं सांगितलं जातं. बिझनेस किंवा पर्यटक व्हिसावर वर्गात उभं राहणं बेकायदा आहे. पकडले गेलात तर हद्दपारीची नोंद तुमच्या पासपोर्टवर होते, शाळेचं फार बिघडत नाही.

मग नव्या शिक्षकाला खरी जागा कुठे? आखाती देशांतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आणि मालदीवच्या शाळा ही बी.एड.धारकांची जुनी ठिकाणं. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ब्रिटिश-अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांचं ऑगस्टअखेर. जूनमध्ये निकाल लागल्यावर अर्ज पाठवायला बसलात तर एप्रिलच्या जागा केव्हाच भरलेल्या असतात. भारतीय शाळांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम धरा.

इंग्लंडने १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह नऊ देशांतल्या पात्र शिक्षकांना क्यूटीएस, म्हणजे तिथल्या शिक्षकपदाची मान्यता, थेट अर्ज करून मिळवायची सोय केली. अर्जाला फी नाही. पण भारतातून शिकलेल्यांसाठी ती ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती आहे. भाषा म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशसारख्या परक्या भाषा. शिवाय बी.एड.च्या दर्जाचं प्रशिक्षण आणि त्यानंतर किमान एक वर्ष शिकवल्याचा अनुभव हवा. भौतिकशास्त्राच्या बी.एस्सी., बी.एड.ला ही वाट चांगली, इतिहासवाल्याला नाही.

अनुभवाचं पत्र: तासिका तत्त्वाचा घोळ

आपल्याकडे नव्या शिक्षकाचा अनुभव बहुधा तासिका तत्त्वावरचा असतो. परदेशी तपासणीत तो पूर्णवेळ धरला जाईलच असं नाही. 'सदर उमेदवाराने आमच्या संस्थेत समाधानकारक काम केले' एवढं पत्र कुचकामी. पत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विषय, इयत्ता, आठवड्याचे तास, पूर्णवेळ की अर्धवेळ, सहीकर्त्याचं नाव-पद आणि संस्थेचा चालू फोन-ईमेल हवा. तपासणारा खरोखर ईमेल करतो. शाळेचा ईमेल कोणी उघडतच नसेल तर अर्ज तिथेच लोंबकळतो. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.

नाव: तीन कागदांवर तीन प्रकार

महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण परदेशातल्या तपासनीसाला 'पाटील सागर रामचंद्र' आणि 'सागर रामचंद्र पाटील' ही दोन माणसं वाटू शकतात. क्रम बदलला असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं. स्पेलिंगच वेगळं असेल, म्हणजे एकीकडे 'व्ही' आणि दुसरीकडे 'डब्ल्यू', तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. कागद दुरुस्तच करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र पदवीच्या कागदांबरोबरच ठेवावं.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा सोडणं ही आणखी एक डोकेदुखी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक आणि व्हिजिट व्हिसाच्या प्रवाशांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. पासपोर्ट नव्याने काढत असाल तर पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याआधी अर्जातला हा रकाना दोनदा तपासा.

अपोस्टिल, साक्षांकन आणि वाया जाणारे पैसे

भारत २००५ मध्ये हेग अपोस्टिल करारात आला. करारातल्या देशांना एक स्टिकर पुरतं. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून या यादीत आहेत (चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये करारात आला, पण भारताच्या आक्षेपामुळे तो भारत-चीनमध्ये लागू नाही). त्यामुळे या देशांसाठी दूतावासाच्या शिक्क्याचे जादा पैसे मागणारा दलाल जुन्या दरपत्रकावर धंदा करतोय. अमिराती, कतार आणि कुवेतला मात्र अपोस्टिल चालत नाही: राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास, आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय असा क्रम लागतो. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला असल्याने भारतीय अपोस्टिल तिथे मानत नाहीत. जर्मनीसाठी ते काढणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं.

साक्षांकन मूळ पदवी प्रमाणपत्रावर होतं, प्रोव्हिजनलवर बहुतेक देश काम भागवत नाहीत. विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ वर्षातून एकदा होतो, आणि तोवर तुमच्या हातात प्रोव्हिजनलच असतं. म्हणून दीक्षान्तासाठी अर्ज सुटले की पहिल्या आठवड्यात भरा, विलंब शुल्काची वाट पाहू नका. सगळ्या सत्रांची ट्रान्सक्रिप्ट मागतानाच सीलबंद लिफाफ्याचे दोन-तीन संच मागून घ्या. पुन्हा अर्ज करायचा म्हणजे पुन्हा तेवढेच आठवडे.

पोलिसांच्या दाखल्यातही गल्लत होते. जिल्हा पोलिसांकडून मिळणारी चारित्र्य पडताळणी इथल्या नोकरीला चालते. परदेशी व्हिसासाठी सहसा पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागतं. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपये भरून निघतं. ते फार आधी काढू नका, बरेच देश सहा महिन्यांच्या आतलंच मागतात.

पैसे दाखवण्याची चूक

ब्रिटनच्या इंडिया यंग प्रोफेशनल्स योजनेत १८ ते ३० वयाचे पदवीधर दोन वर्षं राहून काम करू शकतात. नोकरी आधी असायची गरज नाही. निवड सोडतीने होते, सोडतीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत, आणि २०२५ साठी जागा ३,००० होत्या. त्यामुळे 'सोडतीत नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, तो काहीच करू शकत नाही. नंबर लागल्यावर तुमच्या स्वतःच्या खात्यात २,५३० पौंडांएवढी रक्कम सलग २८ दिवस असावी लागते. मधे एक दिवस शिल्लक खाली गेली तर मोजणी पहिल्यापासून. वडिलांच्या खात्यातले चालत नाहीत. आणि आपल्या भागात नेहमी होणारी चूक: पैसे पतसंस्थेत ठेवलेले असतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली नसते, तिचा दाखला तिकडे फेटाळला जाण्याचा धोका मोठा. नंबर लागण्याआधीच रक्कम व्यापारी बँकेत हलवा. व्हिसा फी वेगळी, आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,५५२ पौंड वेगळा, हेही हिशेबात धरा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत उमेदवारी करणारे मेकॅनिकलवाले जर्मनीकडे बघतात. जून २०२४ पासून सुरू झालेलं चान्सनकार्ट त्यांच्यासाठी आहे: नोकरी शोधायला वर्षभर राहता येतं, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो दाखवावे लागतात. अर्जाआधी आनाबिन या त्यांच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासा: विद्यापीठापुढे 'एच+' (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का, आणि तुमची नेमकी पदवी नावासह यादीत आहे का. लोक पहिलीच तपासून थांबतात. पदवी यादीत नसेल तर तुलनेचा दाखला मागवावा लागतो, त्याची फी २०८ युरो. गुणांच्या (पॉइंट्सच्या) वाटेने जायचं तर किमान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी हवं.

एजंट

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत 'ओव्हरसीज कन्सल्टंट' अशी पाटी असली म्हणून तो नोकरभरती करू शकतो असं नाही. शिक्षणासाठी सल्ला देणं वेगळं. परदेशी नोकरीसाठी भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव आणि नोंदणी क्रमांक शोधा, वैधता संपली नाही ना पाहा. 'मुंबईच्या अमक्या कंपनीची ही कोल्हापूर शाखा' असं सांगितलं तर मुंबईच्या कार्यालयाला पोर्टलवरच्या नंबरवर स्वतः फोन करा, एजंटने दिलेल्या नंबरवर नको. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावतीवर. रोख लाखभर मागणारा तिथेच कायद्याबाहेर गेला.

थायलंडमधल्या 'डेटा एन्ट्री' किंवा 'डिजिटल सेल्स एक्झिक्युटिव्ह'च्या जाहिरातींबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून इशारे दिलेत. पदवीधर, संगणक येणारी मुलंच त्यांना हवी असतात. बँकॉकला उतरवून सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेतात आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपतात. टायपिंगच्या कामाला पगार भरघोस, मुलाखत दहा मिनिटांची, आणि व्हिसा ऑन अरायव्हल: या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की फोन ठेवा.

करार वाचताना

बायोडेटाबद्दल थोडक्यात: जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, शेवटचं प्रतिज्ञावाक्य काढून टाका, दोन पानांत बसवा.

करारात मात्र वेळ घाला. आखातात एकूण पगारापेक्षा मूळ पगाराचा आकडा महत्त्वाचा, कारण अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी ग्रॅच्युइटी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगारावर मोजतात. एकूण ५,००० दिरहम आणि मूळ फक्त १,५०० असेल तर हिशेब कुठे मारला ते कळेल. घर, वर्षाचं तिकीट आणि वैद्यकीय विमा मालक देणार की भत्त्यात धरलंय, हे लेखी विचारा. व्हिसाचा खर्च अमिरातीत मालकाने करायचा असतो, तुमच्या पगारातून कापायचा नसतो. ऑफर लेटर खरं आहे का ते तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर व्यवहार क्रमांक टाकून तपासता येतं. मालक तो क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिकीट काढू नका. निघताना कराराची सही केलेली प्रत, साक्षांकित पदवीचे दोन्ही बाजूंचे स्कॅन आणि पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान घरी कोणाकडे तरी ठेवून जा, कारण तिकडे पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तर दूतावासात सगळ्यात आधी हेच मागतात.