अद्भुत कादंबरीचं कॉमिक कसं करावं

कॉमिक करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "आधी चांगला चित्रकार गाठा." दुसरा मिळतो, "कादंबरीतले महत्त्वाचे प्रसंग निवडा आणि त्यांची चित्रं काढा." हे सल्ले देणाऱ्यांपैकी कुणी चाळीस पानांपुढे गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही. प्रसंग निवडून चित्रं काढली की हाती सचित्र गोषवारा येतो. आमच्या मालवणच्या चौघांच्या टोळीने पहिल्या खेपेला तोच केला होता, आणि त्यावर सात महिने घालवले होते.

कादंबरी तुमची वाचून झालीय, पेन्सिलीच्या खुणा करून झाल्यात, कोणती आणि का करायची यावरची भांडणंही मिटलीत असं धरून चालतो.

कागद आधी

लेखक ओळखीचे असतात. गणपतीत घरी भेटतात आणि म्हणतात, "करा रे, माझी काय हरकत?" हा होकार नव्हे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखक हयात असेपर्यंत आणि त्यांच्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. कादंबरीचं रूपांतर करण्याचा हक्क छापण्याच्या हक्काहून वेगळा असतो, त्यामुळे प्रकाशकाकडे तो असेलच असं नाही. करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. शिवाय हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास तो निसटतो. चौघांनी नोकऱ्या सांभाळून केलेल्या कॉमिकला वर्ष कधीच पुरत नाही, म्हणून हे कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

जुन्या लेखकांकडे वळलात तर ही कटकट नाही. नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांचं लेखन केव्हाच सर्वांचं झालंय. मात्र नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि मुखपृष्ठ सर्वांचं नसतं. ते उचलू नका.

टोळी

रूपांतरकार, चित्रकार, रंगवणारा, अक्षरं टाकणारा. दोन कामं एकाने केली तरी चालतं. पानांची आखणी मात्र एकाच हातात ठेवा. नील गेमन यांच्या 'द ग्रेव्हयार्ड बुक'चं चित्ररूप २०१४ साली दोन भागांत आलं. त्यात वेगवेगळी प्रकरणं वेगवेगळ्या चित्रकारांनी काढलीत, पण रूपांतर पी. क्रेग रसेल या एकाच माणसाचं आहे. चित्रांची शैली बदलते, तरी गोष्टीची चाल बदलत नाही. आमच्याकडे उलटं होतं. हात एकच आणि आखणीवर मतं चार.

हिशोब

साडेतीनशे पानांच्या मराठी कादंबरीत ढोबळमानाने एक लाख शब्द असतात. कॉमिकच्या पानावर पाच चौकटी धरा आणि सगळे मिळून शंभर शब्द. याहून जास्त घातले की चित्र भिंतीला टेकतं. ९६ पानांचं पुस्तक केलंत तर दहा हजार शब्दांनाही जागा नाही. म्हणजे दहातले नऊ शब्द जाणार, हे पहिल्याच दिवशी लेखकांना सांगून टाका. ज्यांच्याकडे पैसा असतो ते पानं वाढवतात. 'अ गेम ऑफ थ्रोन्स' या एका कादंबरीच्या कॉमिकचे २०११ पासून २४ अंक निघाले. आपल्याकडे छापखान्याचं बिल आपणच भरतो.

पानं पाडणं

सगळे अडतात ते इथेच, आणि मीही अडलो. याला ब्रेकडाउन म्हणतात, आम्ही पानं पाडणं म्हणतो. कुठल्या पानावर काय, किती चौकटी, पान उलटताना काय हातात राहतं, हे सगळं चित्रकाराने पेन्सिल उचलण्याआधी ठरतं.

अद्भुत कादंबरीची खोड अशी की तिच्यात समजावणं फार असतं. जग नवं असतं, त्याचे नियम नवे असतात, लेखक ते दहा-दहा पानं सांगत बसतात आणि वाचकाला त्यात मजाही येते. आम्ही घेतलेल्या कादंबरीत खाडीचा एक राखणदार होता. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी. त्याचा एक नियम होता. ओहोटीला पाणी जिथवर मागे जातं, त्या ओल्या रेषेपलीकडे त्याला पाऊल टाकता येत नाही. कादंबरीत हे दोन पानांत सांगितलंय आणि सुंदर सांगितलंय. मी काय केलं? खाडीचं मोठं चित्र मागितलं आणि त्यावर निवेदनाच्या तीन पट्ट्या टाकल्या. लेखकांचीच वाक्यं, थोडी कापून. अशी चाळीस पानं केली.

ती पानं शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला दिली. त्याचा अंगठा पट्ट्यांवर ठेवलेला आणि नजर खालच्या चित्रांवर. एका पानावर तो थांबला आणि म्हणाला, "काकानू, ह्यां तर दिसताच हा. मगे परत लिवलात कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या पानावर मात्र जे लिहिलं होतं ते चित्रात कुठेच नव्हतं, आणि ते त्याने वाचलंच नव्हतं. म्हणजे दोन्हीकडून पट्टी फुकट.

उत्तर सापडलं ते कुडाळजवळच्या पिंगुळीत. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही परंपरा रामायण-महाभारतातल्या कथा कागदावरच्या चित्रांतून सांगते, एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मी पाहिलेल्या खेळात सांगणारा एकेक चित्र समोर उभं धरत होता. रावण चितारलेला असला की "हा रावण आला" असं तो म्हणत नव्हता. रावण काय बोलला, ते तो गात होता. समोर दिसतंय ते तोंडाने सांगायचं नाही, एवढं साधं. हे कळायला मला चाळीस पानं लागली.

त्यानंतर आमची रीत ठरली. पोस्टकार्डाएवढे कागद कापायचे. एका कागदावर एक पान, अंगठ्याएवढ्या चौकटी, माणसं म्हणजे काड्या. एकही शब्द नाही, संवादाचा फुगासुद्धा नाही. दहा-बारा पानं झाली की कादंबरी न वाचलेल्या माणसासमोर ती एकेक करून धरायची आणि गोष्ट त्याला सांगायला लावायची. आपण गप्प बसायचं. हे सगळ्यात कठीण आहे. तोंड उघडून "नाही नाही, तो त्याचा भाऊ" म्हणालात की परीक्षा बाद. तो जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने टिंब करायचं. शब्द फक्त टिंबांच्या जागी येतात, आणि तेही आधी चित्र बदलून पाहिल्यावर.

राखणदाराचा नियम आता चार मुक्या चौकटींत आहे. ओहोटीचा चिखल आणि त्यात उमटलेली ओली रेषा. तिसरे (शिंपले) वेचायला आलेली म्हातारी रेषा ओलांडून पलीकडे जाते आणि वळून बघते. घुंगुरकाठीचं टोक रेषेवर येऊन थांबलेलं. चौथ्या चौकटीत सकाळ झालीय, रेषेच्या अलीकडे काठीच्या टोकाचे ठसेच ठसे, पलीकडे एकही नाही. त्या मुलाने ही चार चित्रं बघून नियम मला सांगितला, वर "त्येका जावक गावणा नाय" अशी भरही घातली. कादंबरीतल्या दोन पानांची बचत झाली.

तेवढ्यावर भागत नाही. नियम दाखवला तो मोडताना धक्का बसावा म्हणून. कथेच्या उत्तरार्धात रेषेच्या पलीकडे काठीचा एक ठसा दिसतो. हे चित्र कुठे ठेवायचं? पुस्तक उघडं असताना डावं आणि उजवं ही दोन्ही पानं एकदम डोळ्यांत शिरतात, वाचणारा शहाणा असो की अडाणी. धक्का उजव्या पानावर ठेवलात तर डावं पान वाचतानाच तो फुटतो. म्हणून धक्का नेहमी डाव्या पानावर, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर, पान उलटल्यावर पहिल्या चौकटीत. मी तो ५९ वर ठेवला होता. आता ५८ वर आहे, आणि ५७ च्या शेवटच्या चौकटीत म्हातारीचा नुसता चेहरा आहे. ही एक जागा हलवायला मागची अकरा पानं पुन्हा पाडावी लागली. म्हणून सांगतो, आखणी शेवटाकडून करा. धक्क्याची पानं आधी ठोका, मग मधली भरा. पहिल्या पानापासून क्रमाने पाडत जाणारा प्रत्येक जण सत्तराव्या पानाला घामाघूम होतो, कारण गोष्ट अर्धी उरलेली असते आणि पानं संपत आलेली असतात.

निवेदनाची पट्टी पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. तिला दोनच कामं द्या. काळाची उडी घ्यायची असेल तर, किंवा चित्राशी भांडायचं असेल तर. चित्रात शांत खाडी, चांदणं, बांधलेल्या होड्या आणि पट्टीत "त्या रात्री वाडीत कुणी डोळा मिटला नाही." इथे पट्टी कमावून खाते.

आणि कृपा करून मंत्र म्हटला की हातातून निळे किरण सोडू नका. ती सवय टीव्हीची आहे. अद्भुत दाखवायचं तर ओळखीच्या वस्तूला वेडंवाकडं वागायला लावा. आमच्याकडे मंत्र सुरू झाला की पणतीची ज्योत वाऱ्याच्या उलट दिशेला झुकते. झावळ्या एकीकडे, ज्योत दुसरीकडे. रंगवणाऱ्याला काही कष्ट नाहीत आणि बघणाऱ्याच्या मानेवर काटा.

लेखकांना संहिता दाखवू नका, ही मुकी पानं दाखवा. संहितेत त्यांना फक्त त्यांची गेलेली वाक्यं दिसतात.

पात्रं

प्रत्येक पात्र काळ्या सावलीतही ओळखू आलं पाहिजे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जोड, हातात घेऊन बघा, दहा अवतारांची १२० पानं असतात, आणि कुठलं पान कुठल्या अवताराचं हे शोधत बसावं लागत नाही. पात्रांचा तक्ता करून भिंतीवर लावा, बस.

पेन्सिल, शाई, रंग

चित्रकाराला त्याचं काम येतं. मध्ये बोलू नका. कागदावर काम करत असाल तर जून ते सप्टेंबर कागद प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत शाई फुटते आणि स्कॅनरवर पान पापडासारखं उठतं. रेषा ६०० डीपीआयला स्कॅन करा, कडेला कापणीसाठी ३ मिलिमीटर सोडा.

अक्षरं

इंग्रजी कॉमिकचे धडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त लागते. इंग्रजीत पाच ओळी मावतात त्या फुग्यात आपल्या साडेतीन मावतात. एका फुग्यात पंधरा शब्द, त्यापुढे दुसरा फुगा. फुग्यांची जागा परीक्षा झाल्यावर मुक्या पानांवरच रेखून चित्रकाराला द्या, नाहीतर तो आकाशभर ढग काढतो आणि अक्षरं टाकणारा ते झाकतो, मग दोघे बोलत नाहीत. आधी बोलणारा डावीकडे, हे तर उघडच आहे, तरी हटकून चुकतं.

फाँट एक टाइपचे 'बालू' किंवा 'मुक्ता' घ्या, मोफत आणि मोकळ्या परवान्याचे आहेत. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाहीत तर 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. देवनागरी ओढून तिरकी करू नका, जोर द्यायचा तर ठळक करा. आवाजांसाठी 'बूम' आणि 'क्रॅश' कशाला? आपल्याकडे खळ्ळ, धप्प, सळसळ, छुनछुन असा भरलेला डबा आहे. घुंगुरकाठीचा 'छुन' आम्ही चित्रकारालाच हाताने काढायला लावला, चिखलात तो लहान होत जातो.

छापखाना

पानं १६ च्या पटीत ठेवा, ९६ म्हणजे सहा फॉर्म. कोऱ्या कागदांची तेवढ्याच पानांची डमी शिवून घ्या आणि तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक टाका. मोजणी पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानापासून करा, कथेच्या पहिल्या पानापासून नव्हे. आमच्या पहिल्या पुस्तकात आभारांचा मजकूर आयत्या वेळी एका पानात मावेना. छापखान्यात एका भल्या माणसाने पुढे एक पान वाढवलं, शेवटचं जाहिरातीचं पान काढलं आणि फॉर्म जुळवला. आम्हाला फोनवर सांगितलं, आम्ही "चालेल" म्हणालो. पाचशे प्रतींत सगळी कथा एका पानाने सरकली आणि प्रत्येक धक्का उजवीकडे जाऊन बसला.

आता आभार मी सगळ्यात आधी लिहितो, एका पानात बसवतो, आणि डमीवर ते पान गोंदाने चिकटवूनच छापखान्यात नेतो.