कार्यालयातील टेलिफोन यंत्रणेवर आयपी डेस्क फोन कसा जोडावा

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत किंवा खानापूर-निपाणीकडच्या पतसंस्थांत जुने ईपीएबीएक्स (कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) काढून आयपी यंत्रणा, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चालणारी टेलिफोन यंत्रणा, बसवली, की पुढे एकेक टेबल वाढताना नवा फोन जोडण्यासाठीही बाहेरच्या तंत्रज्ञाची वाट पाहिली जाते. मूळ यंत्रणा बसवणे हे त्याचेच काम आहे; परंतु चालू यंत्रणेवर एक फोन वाढवणे कार्यालयातील माणसाला अर्ध्या तासात जमण्यासारखे आहे.

खोके उघडण्यापूर्वी यंत्रणा सांभाळणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: एक्स्टेन्शन क्रमांक (फोनचा अंतर्गत क्रमांक), ऑथेंटिकेशन आयडी (यंत्रणेत नोंदणीसाठी लागणारी ओळख), पासवर्ड आणि सर्व्हरचा, म्हणजे टेलिफोन यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाचा, आयपी पत्ता (नेटवर्कवरील आकडी पत्ता). हे एक्स्टेन्शन यंत्रणेत आधीच तयार केलेले असावे लागते. पासवर्ड तोंडी घेऊ नये. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांच्या घोटाळ्यात तास-दोन तास सहज जातात.

फोनच्या मागे नेटवर्कच्या दोन खाचा असतात. भिंतीकडून आलेली केबल ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत आणि टेबलावरच्या संगणकाची केबल ‘पीसी’ लिहिलेल्या खाचेत घालावी. दोन्ही खाचांतून केबली नेटवर्क स्विचकडेच (सर्व केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीकडे) नेल्या, तर नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊन साऱ्या कार्यालयाचे काम ठप्प होऊ शकते. स्विच पीओई प्रकारचा (नेटवर्कच्या केबलीतूनच वीज देणारा) असल्यास वीज त्याच केबलीतून मिळते, ८०२.३एएफ मानकानुसार स्विचचे एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देते आणि साध्या डेस्क फोनला ती पुरून उरते. स्विच साधा असेल, तर त्याच फोनसाठी दिलेला अॅडाप्टर लावावा. स्विच ते फोन हे अंतर १०० मीटरच्या आत ठेवावे आणि कारखान्यात ही केबल भट्टीच्या किंवा वेल्डिंगच्या जाड तारांना चिकटून नेऊ नये. रिसीव्हरची गुंडाळीची वायर आणि हेडसेटची वायर यांच्या खाचा अगदी सारख्या दिसतात. एकदा रिसीव्हरची वायर हेडसेटच्या खाचेत बसवून मी सर्व्हरची सेटिंग तपासत बसलो होतो. स्पीकरवर आवाज येत होता, तेव्हाच ते लक्षात यायला हवे होते.

फोन सुरू झाल्यावर मेनूतील ‘स्टेटस’मध्ये त्याला मिळालेला आयपी पत्ता दिसतो. त्याच नेटवर्कवरील संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला, की फोनचे सेटिंगचे पान उघडते. तेथे सर्वप्रथम या पानाचा, कंपनीकडून आलेला मूळ पासवर्ड बदलावा, कारण तो पुस्तिकेत छापलेला असल्याने जगजाहीर असतो. मग ‘अकाउंट’ किंवा ‘लाइन’ या भागात वरील चार गोष्टी भराव्यात. एसआयपी, म्हणजे फोन आणि सर्व्हर ज्या नियमांनी कॉल जोडतात ती पद्धत, हिचे नेहमीचे पोर्ट ५०६० असते. यंत्रणेत वेगळे ठेवले असेल, तरच ते बदलावे. वेळेसाठी भारताचा जीएमटी +५:३० तासांचा फरक निवडावा, नाहीतर मिस्ड कॉलच्या वेळा चुकीच्या दिसतात.

जतन केल्यानंतर काही सेकंदांत ‘रजिस्टर्ड’ असे दिसले पाहिजे. ४०३ हा आकडा आला, तर आयडी किंवा पासवर्ड पुन्हा भरावा. ४०४ आल्यास एक्स्टेन्शन क्रमांक तपासावा. ४०८ आल्यास फोन सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही असे समजून केबल, आयपी पत्ता आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे भाग) पाहावे.

आता डायल प्लॅनकडे, म्हणजे कोणते आकडे दाबल्यावर कॉल जाऊ द्यायचा हे ठरवणाऱ्या नियमांकडे, वळावे. सीमाभागात येथेच जास्त काळजी घ्यावी लागते, कारण आपले निम्मे फोन कोल्हापूर-गडहिंग्लजकडे जाणारे असतात. बाहेरच्या लाइनसाठी ० दाबण्याची पद्धत असेल, तर बेळगावातून कोल्हापूरला लावताना आधी तो शून्य आणि मग ०२३१, म्हणजे ००२३१ असे आकडे दाबले जातात. परदेशी कॉल बंद करावेत म्हणून कोणी ‘००ने सुरू होणारे क्रमांक नकोत’ असा नियम लिहून ठेवला, की परदेशाबरोबर कोल्हापूरही बंद होते! १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावतानाही आधी ० लागतो, त्यामुळे त्या नियमात मोबाइलही अडकतात. बाहेरच्या लाइनचा ० धरून परदेशी क्रमांक ‘०००’ने सुरू होतात, म्हणून अशा कार्यालयात ‘०००’ने सुरू होणारे क्रमांक बंद करावेत. नियम बदलल्यावर एक कोल्हापूरचा आणि एक मोबाइलचा, असे दोन कॉल स्वतः लावून पाहावेत. फोनबुकात नावे देवनागरीत भरायची असल्यास आधी एकच नाव भरून पडदा पाहावा. काही फोनवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात.

शेवटी आवाज तपासावा. फ्रीपीबीएक्स या टेलिफोन सॉफ्टवेअरवरील यंत्रणेत सहसा *४३ दाबल्यावर आपलेच बोलणे परत ऐकू येते. कार्यालयात सर्व ठीक असूनही शाखेतील फोनवर एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर तेथील राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ (एसआयपी कॉलच्या माहितीत राउटरने फेरबदल करण्याची सोय) बंद करून पाहावे. जी.७११ कोडेक (आवाज नेटवर्कवर पाठवण्याजोगा करण्याची पद्धत) वापरल्यास एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात. शाखेची जोडणी मंद असेल, तर त्याहून कमी लागणारा जी.७२९ निवडावा.

काम संपवण्याआधी एकदा यूपीएसला वीज देणारा भिंतीवरचा खटका मुद्दाम बंद करावा. फोन, स्विच आणि सर्व्हर तिघेही चालू राहिले, तर ठीक. फोनचा पडदा काळा पडला, तर स्विचचा (फोन अॅडाप्टरवर असल्यास अॅडाप्टरचाही) प्लग भिंतीतून काढून यूपीएसवर लावावा.